शिकविणारांचे शिक्षण



ज्या शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला गुंफली जाते त्यांच्या वर्गात बसण्याचा योग मला लाभला नाही. तो ज्यांना लाभला अशी बरीच मंडळी समोर बसलेली असताना त्यांच्या गुणवर्णनाचा अधिकार मी आपल्याकडे घेणे उचित होणार नाही. चालकांनी मला विषयाची मोकळीक दिली, आणि विषय शिक्षणाचा असेल तर बरे, अशी सौम्य सूचनाही त्या मोकळिकीला जोडून दिली. तेव्हा मी असा विषय निवडला आहे की ज्याचे नाव ऐकताच सेवेतील शिक्षकांना जांभई यावी, आणि तो म्हणजे प्रशिक्षण. त्यातही विज्ञानाचे प्रशिक्षण. आणि त्यातही शाळेतील शिक्षकांबरोबरच बचत गटांच्या प्रमुख स्त्रिया, पाणलोटाच्या कामाला लागलेले गावकरी, आरोग्यसेविका, अशा ज्यांच्या हाती खडू नसतो पण ज्यांचे बोलणे गावात ऐकले जाते त्यांच्यासाठी भरणारी शिबिरे. हे दोन वर्ग एकाच व्याख्यानात आणण्याचे प्रयोजन पुढे कळेल. तूर्त एवढेच सांगतो की दोघांपुढेही शेवटी एकच प्रश्न उभा राहतो. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरविण्याचा अधिकार पुस्तकाचा, साहेबाचा, की समोर दिसणाऱ्या वस्तूचा? शिबिरात काय काय शिकविले याच्या याद्या पुष्कळ होतात. हा अधिकार शिबिरानंतर कोणाकडे राहिला, याची नोंद मात्र कोणत्याही रकान्यात होत नाही.

शिक्षकांना शिकविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढला हे सर्वांना ठाऊक असते. परंतु हा गणित आणि ज्योतिष जाणणारा पंडित आयुष्याच्या अखेरच्या काळात मुंबईत शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची धुरा वाहत होता, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. पुढे सरकारी ट्रेनिंग कॉलेजे निघाली, आणि मराठी शाळांच्या अभ्यासक्रमात ‘वस्तुपाठ’ नावाचा तास आला. त्यामागील हेतू उत्तम होता: वस्तू समोर ठेवावी, मुलांनी ती हाताळावी, आणि मग बोलावे. परंतु दिपोटीसाहेब तपासणीस येत तेव्हा त्यांना थोड्या वेळात बरेच काही पाहावयाचे असे, आणि मुलाने वस्तू पाहिली की नाही यापेक्षा त्याला वस्तूचे वर्णन पाठ आहे की नाही हे तपासणे पुष्कळ सोपे असे. त्यामुळे वस्तू हळूहळू टेबलावरून उठली आणि पाठ तेवढा राहिला. माझ्या मते आपल्या विज्ञानशिक्षणाची पुढची सगळी कथा या एका वाक्यात बीजरूपाने आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत तपासणीची पद्धत बदलली, नमुने बदलले, परंतु जे सोपेपणाने मोजता येते तेच अखेरीस शिकविले जाते, हा शिरस्ता बदलला नाही.

तो बदलण्याचा जो सर्वांत धाडसी, सर्वांत दीर्घ आणि माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत प्रामाणिक प्रयत्न या देशात झाला तो महाराष्ट्रात झाला नाही. तो नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. त्या जिल्ह्याचे नाव आता नर्मदापुरम झाले आहे; मी जुनेच नाव वापरणार आहे, कारण तो कार्यक्रम त्याच नावाने ओळखला जातो. १९७२ साली रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळील किशोर भारती या दोन संस्थांनी राज्याच्या शिक्षणखात्याकडे एक विलक्षण मागणी केली: सोळा शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान आमच्या पद्धतीने शिकवू द्यावे. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात गेलेले शास्त्रज्ञ होते. खात्याने परवानगी दिली. सरकारी खात्याने आपल्याच शाळांत आपल्याच पुस्तकाला सुट्टी देण्याचा हा प्रसंग इतका अपूर्व आहे की त्या फायलीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांचे नाव इतिहासात ठळकपणे यावयास हवे होते. ते आले नाही, हे दप्तरी कारभाराच्या स्वभावाला धरूनच झाले.

मुंबईच्या त्या संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ सुट्टीत तेथे जाऊ लागले, शिक्षकांच्या सोबतीने ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तके तयार झाली, आणि या पुस्तकांचे वैशिष्ट्य असे की त्यांत उत्तरे जवळजवळ नव्हतीच. प्रयोग कसा करावा हे सांगितलेले, पुढे प्रश्न, आणि प्रश्नाखाली कोरी जागा. आता अशा पुस्तकापुढे शिक्षकाची काय अवस्था होत असेल हे मनात आणा. ज्याची सारी प्रतिष्ठा उत्तर आधी ठाऊक असण्यावर उभी आहे त्याच्या हातून उत्तरच काढून घेतले! म्हणूनच त्या कार्यक्रमाचा प्राण पुस्तकात नव्हता, प्रयोगसाहित्याच्या पेटीत नव्हता. तो उन्हाळ्यातल्या तीन आठवड्यांच्या शिक्षक-शिबिरात होता.

त्या शिबिराची रीत अशी. शिक्षकांनी चार-चारांच्या टोळ्या करून मुलांप्रमाणेच बसावयाचे, मुलांच्या पेटीतील तेच साहित्य घ्यावयाचे, आणि पुस्तकातील तेच प्रयोग आरंभापासून करावयाचे. सहावीचे एका वर्षी, सातवीचे दुसऱ्या वर्षी, आठवीचे तिसऱ्या. पहिल्या दिवसांतला एक प्रयोग केवळ लांबी मोजण्याचा असे. वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या गृहस्थांना टेबलाची लांबी मोजावयास सांगणे म्हणजे त्यांचा उपमर्दच. परंतु प्रत्येकाने मोजलेली लांबी फळ्यावर लिहिली की सर्वांचे आकडे सारखे येत नाहीत असे दिसून येई. मग वाद सुरू होई. कोणाचे खरे? कोणी पट्टी तिरपी धरली, कोणी झिजलेल्या टोकापासून मोजले, ही कारणे निघत. ती दूर करून पुन्हा मोजले तरी थोडा फरक उरेच. आणि तेथे, कोणीही व्याख्यान न देता, त्या मंडळींच्या ध्यानात येई की मापनात थोडी घटबढ ही चूक नसते, तो मापनाचा धर्मच आहे. खरा आकडा कोणाच्या खिशात आधीपासून ठेवलेला नसतो, अनेकांच्या मोजण्यातून त्याच्या जवळ जावे लागते. हा धडा पुस्तकातून वाचून ज्ञात होतो. टेबलाभोवती भांडून तो अंगात मुरतो.

संध्याकाळी मार्गदर्शक मंडळी बसून दिवसाचा आढावा घेत, कोणते प्रकरण फसले, कोणता प्रश्न कोणालाच सुटला नाही, हे मोकळेपणाने बोलले जाई, आणि त्यावरून पुस्तकाचा मजकूर बदले. शिक्षकाच्या आक्षेपावरून छापील मजकूर बदलतो, ही गोष्ट त्या शिक्षकाने नोकरीत पूर्वी कधी पाहिली नव्हती. पुढे याच शिक्षकांतून मार्गदर्शक तयार झाले. शिबिर संपल्यावरही त्यांना सोडून दिले जात नसे; महिन्यातून एकदा जवळच्या केंद्रावर ‘मासिक गोष्ठी’ भरे, तेथे वर्गातील अडचणी निघत. मुलांच्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात. परीक्षाही बदलली: आठवीच्या परीक्षेत पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. आमच्याकडील कित्येक सुधारणा परीक्षेच्या उंबरठ्यावर येऊन मरतात. होशंगाबादच्या मंडळींनी तो उंबरठाच आधी खणून काढला, ही त्यांची व्यवहारदृष्टी मला फार मोलाची वाटते.

१९७८ मध्ये कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था त्यासाठी निघाली, आणि पुढे इतर जिल्ह्यांतही त्याचा विस्तार झाला. शतक सरले तेव्हा सुमारे एक हजार शाळांत या रीतीने विज्ञान शिकविले जात होते. आणि मग जुलै २००२ मध्ये राज्य सरकारच्या एका निर्णयाने तो बंद झाला; मुलांच्या हाती पुन्हा राज्याचे पुस्तक आले. देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध केला, निवेदने दिली. त्याचा उपयोग झाला नाही.

या कार्यक्रमावरचे आक्षेप सर्वस्वी पोकळ होते असे मी म्हणणार नाही. मुलांना प्रयोग करता येतात पण नववीत गेल्यावर लागणारी माहिती कमी पडते, ही पालकांची तक्रार होती, आणि ज्या समाजात दहावीच्या गुणांवर नोकरी, लग्न आणि कर्ज या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत तेथील पालकाला ‘पद्धत महत्त्वाची, माहिती गौण’ असे सांगणे थोडे निष्ठुरपणाचेच आहे. स्वतः शोधून काढण्याजोगे विज्ञान आठवीपर्यंत पुष्कळ आहे. परंतु अणूची रचना कोणी चार-चारांच्या टोळीत शोधून काढू शकत नाही, ती कोणाच्या तरी शब्दावर विश्वासून घ्यावी लागते, आणि विश्वास कोणावर, किती आणि का ठेवावा हेही शिकविण्याचे एक शास्त्र आहे. त्या बाजूस होशंगाबादने कमी लक्ष दिले, असे माझे मत आहे. परंतु यावर उपाय पुस्तकात चार प्रकरणे घालण्याचा होता. घर गळते म्हणून ते पाडण्याचा खचित नव्हता.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध दूरचा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतूनच १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी आरंभीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम मांडले आणि तेथील शिक्षकांसाठी वर्ग घेतले. टेल्कोत काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादला गेले, आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती करण्याची युक्ती घेऊन आले, आणि नंतर पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे शिक्षकांना आणि मुलांना कचऱ्यातून विज्ञान दाखविले. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे, लोकविज्ञान संघटना १९८० पासून. त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालसेविका तयार करताना गारगोट्या, शिंपले, पाने आणि बिया हेच साहित्य मानले होते. सारांश, माणसांची आणि कल्पनांची वाण आपल्याकडे नव्हती आणि नाही.

मग अडते कोठे? हे सांगण्यापूर्वी मी आपल्याला मे महिन्यातील एका काठीपाशी नेतो.

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि बहुतेक शिक्षकांनी ते वर्गात उच्चारले आहे. पुण्याच्या परिसरात उन्हाळी शिबिर भरते तेव्हा मी मंडळींना मीटरभर लांबीची सरळ काठी अंगणात उभी करावयास सांगतो. ती ओळंब्याने तपासावयाची, आणि साडेअकरापासून दीड वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावयाची. सूचना एवढीच. बारा वाजतात, सावली कमी होतच राहते. सव्वाबारा होतात. कोणीतरी आपले घड्याळ शेजाऱ्याच्या घड्याळाशी ताडून पाहतो. साडेबाराच्या सुमारास सावली सर्वांत आखूड होते आणि मग वाढू लागते. येथपर्यंत आश्चर्य असते, धक्का नसतो. धक्का पुढे बसतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती चार ते सहा सेंटिमीटरांची सावली दक्षिणेकडे पडलेली असते! भर दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावली उत्तरेला पडते, असे उभे आयुष्य गृहीत धरलेले. आणि येथे सूर्य चक्क उत्तरेस. होकायंत्र मागविले जाते, ते फिरवून पाहिले जाते, क्वचित त्यालाच दोष दिला जातो.

कारणे दोन्ही सोपी आहेत. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचे. पुणे त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेनऊ अंश. दर अंशाला चार मिनिटे धरली की पस्तीसएक मिनिटे होतात, आणि पृथ्वीच्या कक्षेच्या लंबवर्तुळाकारामुळे व आसाच्या कलण्यामुळे पडणारा तीन-चार मिनिटांचा फरक मेमध्ये त्यांतून वजा होतो. दुसरे असे की सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. म्हणून सूर्य प्रत्येक गावाच्या अगदी डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, पुण्यात १४ मेच्या आसपास, नागपुरात २६ मेच्या सुमारास, आणि मधले काही आठवडे तो आपल्या उत्तरेस असतो. आता यातील मौज पाहा. पहिला दिवस येतो तेव्हा शाळांना सुट्टी असते; दुसरा येतो जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टच्या आरंभी, तेव्हा आभाळ भरलेले असते. म्हणजे शाळेच्या वेळापत्रकाने मुलांपासून नेमके हेच दोन दिवस लपविलेले आहेत, आणि ‘बारा वाजता डोक्यावर’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या निर्वेध चालण्याचे एक कारण हेही असावे. मेमधले शिक्षक-शिबिर मात्र ते पाहू शकते. सुट्टीत शिबिर घेतल्याबद्दल शिक्षक सरकारला जे काही बोलतात ते मी ऐकलेले आहे. परंतु एवढ्या एका बाबतीत तरी सरकारचे पंचांग योग्य आहे.

काठीभोवतीची चर्चा रंगात आली की एखादे ज्येष्ठ गुरुजी हटकून विचारतात, “हे सगळे ठीक आहे सर, पण परीक्षेत काय लिहायचं?” तरुण मार्गदर्शक या प्रश्नाला हसतात. मला तो शिबिरातला सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो. गुरुजींनी सावली पाहिली आहे, त्यांना पटलेही आहे. परंतु उत्तरपत्रिका तपासणारा अंगणात नव्हता, आणि दक्षिणेकडील सावली लिहिणाऱ्या पोराचा गुण गेला तर तो गुरुजींच्या खात्यावर पडणार. त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे की पुस्तक आणि अंगण यांचा तंटा झाला तर निकाल पुस्तकाच्या बाजूने लागतो. या माणसाला ‘वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगा’ असा उपदेश करणे व्यर्थ आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो दृष्टिकोन आपल्या मूलभूत कर्तव्यांत घातला. पण त्या कर्तव्याचे पालन करणाऱ्या शिक्षकास संरक्षण देणारे साधे परिपत्रकही मला कोठे आढळले नाही.

आता अडते कोठे ते थोडक्यात सांगतो, कारण ते आपणास ठाऊक आहे. राज्याच्या ठिकाणी तज्ज्ञ जिल्ह्याच्या माणसांना शिकवितात, जिल्ह्याची माणसे तालुक्याच्या साधनव्यक्तींना, त्या केंद्रातील शिक्षकांना. आणि दर पायरीला ताकात पाणी पडत जाते. पहिल्या पायरीवर काठी असते, दुसऱ्या पायरीवर काठीचे चित्र, तिसऱ्या पायरीवर चित्राचे वर्णन, आणि शेवटच्या पायरीवर ‘सूर्याच्या सावलीचा उपक्रम घेण्यात यावा’ एवढे वाक्य आणि हजेरीपत्रक. हजेरी, प्रवासभत्ता, भोजनाची पावती, उपयोगिता प्रमाणपत्र हे सर्व यथासांग असते. दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नाही. लक्षावधी शिक्षकांना एका वर्षात प्रशिक्षित करावयाचे असा हुकूम निघाला की दुसरे काही होणेच शक्य नाही. होशंगाबादने सोळा शाळांवरून जिल्ह्यापर्यंत जाण्यास सहा वर्षे घेतली होती, हे येथे आठवावे.

शाळेबाहेरची शिबिरे पाहिली की मन थोडे प्रसन्न होते. २०१६ साली पाणी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली; पहिल्या वर्षी कोरेगाव, अंबाजोगाई आणि वरूड या तीन तालुक्यांतील ११६ गावे उतरली. गावातून निवडलेली माणसे, त्यांत स्त्रियाही, निवासी प्रशिक्षणाला जात. तेथे शिकविण्यात येणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे डोंगरउतारावर समपातळीची रेषा आखणे. ही रेषा चुकली तर चरात आलेले पाणी सखल टोकाकडे धावते, तेथे बांध फोडते आणि माती घेऊन खाली जाते; म्हणजे श्रमदान करून नुकसान विकत घेतल्यासारखे. त्यासाठी जे साधे उपकरण चालते ते दोन बांबू, मध्ये आडवी काठी, आणि वरच्या जोडावरून सोडलेला दगडाचा ओळंबा असे असते. आता सुताराचे कसब नसलेल्या माणसाने बांधलेल्या चौकटीचे पाय सारखे कसे असणार? ते नसतातच. म्हणून चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जेथे लागते तेथे खूण करावयाची. मग पायांची जागा परस्पर बदलून, म्हणजे डावा पाय उजव्याच्या खळग्यात आणि उजवा डाव्याच्या, दुसरी खूण करावयाची. या दोन खुणांचा मध्य हीच समपातळीची खूण. पहिल्या वेळी जी चूक एका बाजूला झाली तीच दुसऱ्या वेळी विरुद्ध बाजूला होते, आणि मधोमध ती नाहीशी होते. वेधशाळेत दुर्बीण उलटी फिरवून दोष काढतात तीच ही युक्ती. फरक एवढाच की येथे ती नऊवारी नेसलेल्या आणि शाळेत फारशा न गेलेल्या बाईच्या हातात असते, आणि तिला ती पुरती कळलेली असते.

अशाच एका टेकडीवर मी एका गटप्रमुख बाईंना, आधीच कोणी साहेबाने फक्की टाकून आखलेली रेषा आपल्या चौकटीने पुन्हा तपासताना पाहिले. साहेबांच्या रेषेत त्यांना दोन ठिकाणी फरक आढळला. त्यांनी आरडाओरड केली नाही. “या दोन जागी दोरी खुणेवर येत नाही, तुम्ही पण एकदा बघा,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि साहेबांनी, हे त्यांच्या मोठेपणाचे, खाली वाकून पाहिले. मी आरंभी ज्या अधिकाराविषयी बोललो तो हाच. तो बाईंना कोणी दिला नव्हता. चौकटीचे पाय बदलताना तो त्यांच्याकडे आला होता.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून जे काम उभारले त्यातही हेच दिसते. बालकांचा न्यूमोनिया ओळखावयाचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावे लागते: दोन महिन्यांच्या आतील बाळाला साठ वा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याला पन्नास वा अधिक, ही धोक्याची खूण. ज्या दाईला शंभरापर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? त्यासाठी त्यांनी मण्यांचे एक मोजयंत्र केले: वाळूचे मिनिटभराचे घड्याळ लावावयाचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. दहापर्यंत तर मोजता येते! पुढे त्यांच्या आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, वजने केली, जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाची सुई दिली. आणि शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी उतरल्याचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. या स्त्रियांचे प्रशिक्षण एकदा होऊन संपले नव्हते. त्यांच्या नोंदी तपासल्या जात, त्यांच्यासमवेत पर्यवेक्षक घरी जात, चुकले तर तेथेच दुरुस्त होई.

शिक्षक आणि गटप्रमुख यांत मला दिसणारा भेद असा की गटप्रमुख जे शिकते त्याचा निकाल तिला पावसाळ्यात मिळतो, किंवा बाळ जगते वा जगत नाही त्यात मिळतो. शिक्षकाला निकाल मिळतो तो गुणपत्रिकेत. पहिल्या निकालात लबाडीला वाव नाही. परंतु गटांच्या शिबिरांचे गोडवे गाताना त्यांची किंमत कोण देते हेही पाहावे. शिक्षक शिबिराला जातो तेव्हा त्याचा पगार चालू असतो. शेतमजूर बाई चार दिवस गेली तर चार दिवसांची मजुरी बुडते, घरी तान्हे असेल तर ते कोणाच्या तरी ओच्यात टाकून यावे लागते. ‘लोकसहभाग’ या शब्दाखाली हा खर्च हिशेबाबाहेर ठेवण्याची आपल्याला सवय लागली आहे. शिवाय येथेही एक रोग आहे: शिबिरातून परतलेली व्यक्ती कधीकधी गावातली नवी ‘साहेब’ होते, चौकट आपल्या घरी ठेवते, आणि ‘मला शिबिरात सांगितलेय’ हे तिचे अखेरचे प्रमाण होते. मग पुस्तकाची जागा शिबिराने घेतली, एवढाच बदल. ज्या शिबिरात मार्गदर्शकाला खोटे ठरविण्याची संधी एकदाही येत नाही, त्यातून अशी माणसे हमखास निघतात.

शेवटी काही व्यावहारिक गोष्टी बोलतो, कारण समोर शिक्षणखात्यातील मंडळी बसलेली मला दिसत आहेत. नव्या योजनेची आवश्यकता नाही. आपल्या राज्यात केंद्रस्तरावर दरमहा शिक्षण परिषद भरते. होशंगाबादच्या मासिक गोष्ठीला लागणारी सारी तजवीज तीत आधीच आहे, जागा आहे, माणसे आहेत, दिवस ठरलेला आहे. तेथे बहुतेक वेळ परिपत्रके वाचण्यात जातो. परिपत्रके आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आधीच आलेली असतात. ती पुन्हा मोठ्याने वाचण्याचे कारण उरलेले नाही. पहिला तास एका प्रयोगाला द्यावा, तो सर्वांनी हातांनी करावा, आणि त्यातून जो प्रश्न सुटणार नाही तो लिहून तालुक्यातील महाविद्यालयाच्या विज्ञान विभागाकडे पाठवावा. उत्तर पुढच्या महिन्याच्या परिषदेपूर्वी आलेच पाहिजे, असा करार त्या महाविद्यालयाशी असावा. गटप्रमुखांपैकी ज्यांना यावेसे वाटेल त्यांनाही त्या तासाला बोलवावे आणि त्यांची त्या दिवसाची मजुरी ग्रामपंचायतीने द्यावी.

दुसरी गोष्ट जडसंग्रह नोंदवहीची. शाळेतील सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्या, भिंगे ही त्या नोंदवहीत चढलेली असतात, आणि काही फुटले तर वसुली आपल्या पगारातून होईल या धास्तीने ती कपाटात कुलूपबंद राहतात. तपासणीच्या दिवशी मोजून पुन्हा आत जातात. शिबिरातून उमेदीने परतलेला शिक्षक पहिल्या आठवड्यात या कुलपापाशी थांबतो, हे मी अनेक गावी पाहिले आहे. तेव्हा वर्षाकाठी साहित्याच्या किमतीच्या काही टक्के फुटतूट चौकशीविना मंजूर समजावी, एवढा एक हुकूम निघावा. शक्य तर त्याला आणखी एक ओळ जोडावी, की ज्या शाळेत वर्षभरात एकही परीक्षानळी फुटली नाही त्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून त्याचा लेखी खुलासा मागविण्यात येईल.